नापोलीचा बुधवार

"गिरणी आहे का हो तुमच्याकडे?"

माहीमच्या चर्चबाहेर मेणाच्या वस्तू विकणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर केली. त्याच्या टेबलावर मेणाचे पाय होते, हात होते, डोळ्यांच्या जोड्या होत्या, गुबगुबीत बाळं होती, उतरत्या छपराची घरं होती. ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं, आत मदर मेरीसमोर ठेवायचं आणि मागणं मागायचं. पाय दुखत असेल तर पाय, पाळणा हलायला हवा असेल तर बाळ. बुधवारी इथल्या रांगेत सगळ्या जातीधर्माची माणसं उभी असतात आणि कोणी कोणाला तू इथे कसा असं विचारत नाही. पण गिरणी आजवर कोणी मागितली नव्हती.

"पिठाची?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कापडाची. चिमणीवाली."

विचारणाऱ्या मुलीचं नाव मंजुळा परब. राहायला लालबागच्या चाळीत. तिचे वडील तात्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. साल ब्याऐंशी. संपाला आठवा महिना लागला होता आणि तात्या पहिल्या दिवसापासून बाहेर होते. शेजारच्या डिसोझाबाईंनी मंजुळाला सांगितलं होतं, नऊ बुधवार कर, मेरीमाता ऐकते. मंजुळा तशी फार देवभोळी नव्हती, पण गिरणीमालक ऐकत नाही, सरकार ऐकत नाही, तर निदान जी ऐकते म्हणतात तिला सांगून बघावं, एवढाच तिचा हिशेब.

"घर घ्या आणि त्याच्यावर मेणबत्ती उभी करा," मागून कोणीतरी म्हणालं. "झाली गिरणी."

तिने वळून पाहिलं. उन्हाने रापलेला एक तरुण उभा होता, हातात मेणाची होडी. ओठ अगदी गंभीर होते, पण डोळे आधीच हसून मोकळे झाले होते.

"आणि भोंगा?" मंजुळाने फणकाऱ्याने विचारलं.

"भोंगा तुम्ही वाजवा. आवाज चांगला आहे तुमचा. अर्ध्या माहीमने ऐकला."

तिला राग यायला हवा होता. तो आलाही... पण हसू त्याच्या आधी येऊन बसलं होतं.

तिने घर घेतलं, छपरावर थोडं मेण वितळवून मेणबत्ती उभी केली आणि आत नेऊन पेटवली. त्या एवढ्याशा चिमणीतून धुराची रेघ वर गेली. आठ महिन्यांत लालबाग-परळच्या एकाही चिमणीने एवढा धूर सोडला नव्हता. मंजुळा हात जोडून बघत राहिली आणि शेजारी तो होडी ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

खऱ्या चिमण्यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्यात कॉफी मिळते. पण ही गोष्ट त्या इमारतींची नाही, मंजुळाची आहे, आणि मंजुळा हार मानणाऱ्यांतली नव्हती.

दुसऱ्या बुधवारी तो पुन्हा दिसला, तेव्हा तिला वाटलं, योगायोग. तिसऱ्या बुधवारी तिने योगायोगासाठी केसांत अबोली माळली. चौथ्या बुधवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते कोणी आधी केलं यावर दोघांचं पुढे कधीच एकमत झालं नाही.

त्याचं नाव उत्तम तांडेल. माहीमच्या कोळीवाड्यातला. घरची होडी होती, ती तो आणि त्याचा चुलता मिळून चालवायचे. त्याआधी मात्र तो एका मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून एकच मोठी फेरी करून आला होता. वडील गेले आणि होडीसाठी परत यावं लागलं. त्या फेरीत त्याने पुष्कळ बंदरं पाहिली, पण बोलायचा एकाच गावाबद्दल.

"नकाशावर नेपल्स लिहितात. तिथली माणसं नापोली म्हणतात. इटलीत."

"काय बघितलंस तिथे?"

"एकच दिवस सुट्टी मिळाली. भाषा येत नाही, रस्ता ठाऊक नाही. म्हटलं, वास येईल तिकडे जायचं. सकाळी एक चर्च, मग बाजार. परत चर्च, परत बाजार. घाई कसलीच नाही. गल्ल्या एवढ्या अरुंद, आणि ह्या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत कपडे वाळत घातलेले. मला वाटलं, चुकून लालबागला उतरलो."

"आणि चर्चमध्ये?"

"हेच! भिंतभर पाय, हात, काळजं... फक्त मेणाची नाहीत, चांदीची."

"गिरणी होती?"

"छे. ती अक्कल फक्त तुझ्याकडे."

मंजुळा मान वळवून मेणबत्त्यांकडे बघू लागली, कारण गाल गरम झाले होते आणि ते मेणबत्त्यांवर ढकलता येत होतं.

"आणि मासळीबाजार सांगू? मोठे मोठे तलवारीसारख्या तोंडाचे मासे, शिंपल्यांतल्या तिसऱ्या जिवंत, पाण्याच्या टबात. पण विकणारे सगळे पुरुष! मी म्हटलं, हे काय रे, ह्यांच्या बाया समुद्रावर गेल्या की काय?"

ती खळखळून हसली. रांगेतल्या एका बाईने वळून रागाने बघितलं, तेव्हा तिने पदर तोंडावर धरला, आणि पदरामागे हसणं काही थांबेना.

आठव्या बुधवारी ती म्हणाली, "मला ने नापोलीला."

"पासपोर्ट आहे?"

"पासपोर्ट कशाला? पुढच्या बुधवारी जाऊ. दादरच्या दुकानात साड्या पोचवल्या की मी दिवसभर मोकळी." मंजुळा घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची, संपात तेवढाच घराला टेकू. "सकाळी चर्च, मग बाजार, परत चर्च, परत बाजार. मुंबईत काय कमी आहेत? तू फक्त सांगत जा, तिथे काय होतं."

उत्तमने नुसती मान हलवली. पण ती मान पुढची पाच मिनिटं हलतच होती, असं मंजुळाने नंतर त्याला कितीतरी वेळा चिडवलं.

नेमकं मंगळवारी रात्री दौलतमामा आले. मामा मंत्रालयात शिपाई. संपाच्या दिवसांत परबांच्या घरातलं रेशन मामांच्या पगारातून येत होतं, त्यामुळे त्या घरात तोंडही मामांचंच चालत होतं.

"सावंतवाडीकडलो मुलगो आसा," मामा म्हणाले. "पंचायत समितीत कारकून. उद्या संध्याकाळी बघूक येतलो. पसंत पडली तर मार्गशीर्षात उरकून टाकू."

"आणि तेंची अट काय म्हणालास?" आईने भीत भीत विचारलं.

"अट कसली? लग्नानंतर ह्या शिवण-टिपण बंद. तेंच्यात बायको चार लोकांत काम करणत नाय. चांगलाच आसा ना!"

मंजुळाने तात्यांकडे पाहिलं. तात्या खिडकीशी बसून समोरची थंडगार चिमणी बघत होते. तेही काही वेगळं म्हणत नव्हते. संप सुरू झाल्यावर आईने गिरणीच्या गेटवर वड्यांची गाडी लावायचं काढलं होतं, तेव्हा तात्यांनीच ठणकावलं होतं, साचेवाल्याच्या घरातली बाई रस्त्यावर बसायची नाही. गाडी राहिली. चूलही बरेचदा राहिली.

सकाळी निघताना आई म्हणाली, "पाच वाजता घराक यो गो. हिरवी साडी काढून ठेवलंय."

मंजुळा नुसतं "हं" म्हणाली. त्या "हं"चा अर्थ तिलाच अजून नीट कळला नव्हता.

नववा बुधवार. माहीमच्या चर्चमध्ये शेवटची मेणाची गिरणी पेटवून दोघं डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे जाऊन बसले. उत्तमने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"एवढा नटलास?"

"परदेशात चाललोय."

हाजीअलीपाशी समुद्र उजव्या हाताला पसरला. ऊन पाण्यावर नाचत होतं. "तिथेही असाच होता," तो म्हणाला. "आणि पलीकडे ज्वालामुखीचा डोंगर. निजलेला. लोक म्हणतात, कधी उठेल सांगता येत नाही."

"माझ्यासारखा."

"तू निजलेली कधी असतेस?"

वाऱ्याने तिच्या केसांची बट त्याच्या खांद्यावर गेली. तिने ती लगेच ओढून घेतली नाही. त्यानेही खांदा हलवला नाही.

गिरगावातलं पोर्तुगीज चर्च आतून गार होतं. मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. दुपारचं कोणी नव्हतं. दोघं एकाच बाकावर बसले, मध्ये एखादी मावशी मावेल एवढी जागा सोडून. उत्तम हळू आवाजात सांगत होता, तिथल्या चर्चचं छत कसं सोनेरी होतं, आणि एक म्हातारी त्याच्या शेजारी बसून कशी स्वतःशीच भांडल्यासारखी प्रार्थना करत होती. "देवाला दटावत होती. तुझीच आठवण... म्हणजे, तेव्हा तू कुठे होतीस! पण आता आठवली की तूच आठवतेस."

मंजुळाच्या मनात आलं, सांगून टाकावं. संध्याकाळी माणसं येणार आहेत. हिरवी साडी काढलेली आहे. पण मग हा दिवस तिथेच संपला असता, आणि तिला हा दिवस हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा एक आख्खा दिवस तिचा होता. 

बाहेर पडून दोघांनी पियूष प्यायलं. "तिथे लिंबाचा बर्फ मिळायचा, पेल्यातून," उत्तम म्हणाला. "पण हे झकास." त्याच्या मिशीला पियूषची आणखी एक मिशी आली होती. मंजुळाने बोटाने दाखवलं, त्याने भलतीकडेच पुसलं, पुन्हा भलतीकडे पुसलं. शेवटी तिने पदराच्या टोकाने पुसून टाकलं आणि जणू काही झालंच नाही अशी पुढे चालू लागली. तिच्या पाठीमागे तो बराच वेळ एका जागी उभा होता.

भायखळ्याच्या भाजीबाजारात तिने पेरू घेतले. घेतले म्हणजे भांडून घेतले.

"हे ताजे? कालचे वाटतायत!" ती पेरू दाबून म्हणाली.

"बाई, झाडावरून उतरून आत्ता आलेत."

"पायी आलेत वाटतं, सुकलेत बिचारे."

भाजीवाल्याने हात टेकले. उत्तम बाजूला उभा राहून पोट धरून हसत होता. "तू बाजारात आलीस की व्यापारी घरी जात असतील."

"आमच्या आईने शिकवलंय. कुठल्याही मालाला पहिल्या वाक्यात चांगलं म्हणायचं नाही."

तिखट-मीठ लावलेले पेरू घेऊन दोघं ग्लोरिया चर्चच्या पायऱ्यांवर बसले. आता मध्ये अर्ध्या मावशीचीच जागा होती. वर उंच मनोरा, समोर रस्त्याची धावपळ, आणि मनोऱ्याच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. मंजुळाने हातातला पेरू खाली ठेवला.

"उत्तम... मला आज बघायला येणार आहेत."

तो पेरू खायचा थांबला.

"कोण?"

"सावंतवाडीचा कारकून. मामांनी आणलाय. साडेपाचला."

"आणि तू इथे बसलीस?" तो ताडकन उठला. "चल. मी सोडतो तुला. लालबागपर्यंत नको, कोणी बघेल... चिंचपोकळीपर्यंत सोडतो."

मंजुळा उठली नाही. एवढा राग तिला संपात फुटून आत गेलेल्यांचाही आला नव्हता.

"सोडतोस? नऊ बुधवार माझ्याशी बोललास. नापोली दाखवलीस. आणि आता पाटावर नेऊन सोडतोस?"

"मग काय करू?"

"तुला काय हवंय ते बोल! वादळात होडी हाकतोस ना? मग दोन शब्द बोलायला काय होतं तुला?"

  उत्तम खालच्या पायरीवर बसला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आयेला सांगितलंय मी. तुझ्याबद्दल. महिना झाला."

"मग?"

"ती नाही म्हणाली नाही. तिची एक अट आहे." तो पेरूचा देठ उगाच चोळत होता. "आमच्यात पुरुष समुद्रावर जातो आणि बाई बाजारात बसते. मासळी विकणं, पैसा हातात ठेवणं, सगळं तिचं. आयेची दादरला जागा आहे, तिच्या सासूपासूनची. ती म्हणते, बाहेरची पोर आण, माझं काही नाही. पण ती त्या जागेवर बसली पाहिजे. तोंड लपवून नाही, आपल्या माणसांसमोर. जमत असेल तर आण, नाहीतर तिचं नाव काढू नकोस."

"आणि तू मला महिनाभर सांगितलं नाहीस."

"दादरला सगळं लालबाग मासळी घ्यायला येतं, मंजू. तुझे चाळवाले, नातेवाईक... तुझ्या तात्यांनी तर वड्याची गाडी लावू दिली नाही. तुला लाज वाटेल म्हणून..."

"मला लाज वाटेल, हे तू ठरवलंस?"

त्याने पेरूचा देठ खाली टाकला.

"मामा ठरवतात मी कोणाकडे जायचं. तो कारकून ठरवतो, मी सुई हातात धरायची की नाही. आणि तू ठरवतोस, मला कशाची लाज वाटावी. सगळे मिळून मला जरा काही ठेवा की ठरवायला!"

तिचा आवाज चढला होता. पायरीवरची कबुतरं उडाली. तिला भीती वाटत होती. चाळीतल्या बायका, मामा, तात्या, सगळ्यांचे चेहरे डोळ्यांपुढून गेले. पण सावंतवाडीच्या त्या घरात मुकाट्याने आयुष्य काढायची भीती त्याहून मोठी होती, आणि हा पायरीवर बसलेला बावळट माणूस तिला मनापासून हवा होता. तिने पेरूची पिशवी त्याच्या हातात कोंबली.

"चल दादरला. नापोलीतला शेवटचा बाजार राहिलाय."

दादरच्या मासळीबाजारात संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. ओली फरशी, बर्फाचे ढीग, ओरडणाऱ्या बायका. राधाबाई तांडेल त्यांच्या मध्ये एखाद्या राणीसारखी बसली होती. कासोट्याचं लुगडं, केसांत वेणी, गळ्यात ठसठशीत सोनं आणि हातात कोयता. तिने लेकाकडे पाहिलं, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलीकडे.

"ही काय रे ती? मेणाच्या गिरणीवाली?"

उत्तमने मान हलवली. 

"काय गो, कशाला आयलीस?"

"बसायला आले, मावशी," मंजुळा म्हणाली.

राधाबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग कोयता पुसून बाजूला ठेवला आणि उठली.

"ही जागा माझ्या सासूची. इथे बसली ती घरची. पण ऐक. पदर डोक्यावरून ओढून तोंड झाकायचं नाय. ओळखीचा आला म्हणून खाली बघायचं नाय. जो येईल त्याला मान वर करून माल दाखवायचा. जमेल?"

मंजुळाने पदर कमरेला खोचला आणि पाटावर बसली. समोरच्या टोपलीत चंदेरी पापलेटं होती, आणि बाजूला एक देखणी सुरमई. बर्फाला हात लागला तसा अंगावर काटा आला. उत्तमला राधाबाईने बर्फ आणायला पिटाळलं, कारण तो नुसता उभा राहून वाट अडवत होता.

पहिलं गिऱ्हाईक आलं. चष्मा लावलेल्या, गोऱ्यापान दादरकर बाई.

"पापलेट कसं दिलं?"

मंजुळाने एक पापलेट उचललं, बोटाने दाबलं, आणि आयुष्यभराच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "हे? हे कालचं वाटतंय!"

दादरकर बाई तशाच निघून गेल्या. राधाबाईने कपाळावर हात मारला. शेजारच्या चारही कोळणी लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"अगो तू कोनाच्या बाजूची?" राधाबाई ओरडली.

मंजुळाचे कान लाल झाले. "आता तुमच्या," ती म्हणाली. आणि मग तिलाही हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. भीती त्या हसण्यात कुठेतरी विरघळली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला तिने पापलेट असं काही खपवलं की शेजारणींनी माना डोलावल्या. तिसरं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, तेव्हा ती खुशीत आली. समोरचा काय बोलणार ते सगळं तिला आधीच पाठ होतं.

आणि तेवढ्यात गर्दीतून ओळखीचा आवाज आला.

"सुरमईच घेऊया. पाव्हणे जेवूनच जातले. तुमी फक्त ताजी बघा, भावजी, पैशांचा मी बघतंय."

दौलतमामा. आणि त्यांच्या मागे, खांदे पाडून चालणारे तात्या.

मंजुळाचा हात बर्फातच राहिला. पळून जायला वाट होती, मागच्या बाजूने. पदर डोक्यावर ओढायलाही वेळ होता. राधाबाई तिच्याकडे बघत होती. मंजुळाने मान वर केली, अगदी ताठ, आणि भोंग्यासारख्या आवाजात ओरडली, "सुरमई घ्या, मामा! ताजी आहे!"

मामा जागच्या जागी खिळले.

"मंजुळा? गो... ह्या काय चाललाहा? ऊठ! आधी ऊठ थयसून!"

"पाव्हण्यांसाठी हवी ना? हीच घ्या. तुकडे करून देते."

"लाज नाय वाटत? साचेवाल्याची पोर तू!"

"साचेवाल्याचीच आहे म्हणून बसलेय," मंजुळा म्हणाली. मग ती मामांशी बोलायची थांबली आणि वडिलांकडे वळली. आवाज तिने खाली आणला नाही. "तात्या, दहा महिने सगळे तुम्हाला सांगतायत, पडतं घ्या, आत जा. गेलात तुम्ही? उपाशी राहिलात, पण मान खाली घातली नाहीत. मग मी कशी घालू? मी त्या कारकुनाकडे जाणार नाही. हात बांधून घरात बसणार नाही. मी इथे बसणार, आणि ह्यांच्या घरात जाणार. आत्ता कुठे माझं ठरलंय, ते मोडू नका."

 तात्या लेकीकडे बघत राहिले. तिच्या हाताला कोपरापर्यंत खवले चिकटले होते. मग ते हळूच उकिडवे बसले आणि त्यांनी सुरमईचा कल्ला उचलून पाहिला. आत लालभडक होता.

"भाव काय?" त्यांनी सवयीने राधाबाईला विचारलं.

"मला काय इचारता? पाटीवर बसलीय तिला इचारा."

तात्यांनी लेकीकडे तोंड वळवलं. "भाव काय गो, बाय?"

मंजुळाने सांगितला.

"जास्त हा."

"कमी होणार नाही."

तात्यांच्या मिशा हलल्या. कित्येक महिन्यांत हलल्या नव्हत्या तशा. राधाबाई शेजारणीला कोपरखळी मारून म्हणाली, "जमला गो हिला!"

याच वेळी उत्तम डोक्यावर बर्फाची पाटी घेऊन आला. गारेगार पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावरून निथळत होतं.

"आणि हो कोण?" मामा त्याच्याकडे बोट करून गरजले.

"मी..." उत्तमने मामांकडे, तात्यांकडे आणि मग मंजुळाकडे पाहिलं. "मी हिच्याशी लग्न करणार आहे. हिने हो म्हटलं तर. अजून... विचारायचंय."

"बर्फ ठेव आधी खाली," मंजुळा म्हणाली.

मामांनी कपाळ बडवून घेतलं. "भावजी, तुमी तरी बोला! पाव्हणे पोचतले आता. तेंका काय सांगू? मुलगी खय आसा म्हणान सांगू?"

मंजुळाने तुकडे करून दिलेली सुरमई तात्यांनी पिशवीत घेतली. उठताना त्यांनी क्षणभर मंजुळाच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांग," ते म्हणाले, "मुलगी कामार गेलीहा."

परबांच्या घरातलं कोणी कामावर गेलंय, हे वाक्य दहा महिन्यांत कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं.  तात्या पिशवी घेऊन निघाले होते आणि या वेळी त्यांचे खांदे पडलेले नव्हते. मामा चरफडत त्यांच्यामागे गेले.

उत्तम ओल्या शर्टाने पाटीसमोर उभा होता. "मंजू..." तो अगदी हळू म्हणाला. "मला... तू मला..."

"ऐकू येत नाही. हे चर्च नाही, मासळीबाजार आहे. जोरात विचार."

त्याने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, आणि वाऱ्यावर दुसऱ्या होडीला हाक मारतात तसा ओरडला, "मला तू आवडतेस! पहिल्या बुधवारपासून! माझ्याशी लग्न करशील?"

कोळणी थांबल्या, गिऱ्हाइकं वळली, राधाबाईने कमरेवर हात ठेवले.

"हो!" मंजुळा ओरडली.

आवाज चांगलाच होता तिचा. बाजाराच्या तोंडाशी पोचलेले तात्या तो ऐकून थांबले, वळले नाहीत, पण थांबले. उत्तम वेड्यासारखा हसत होता. मंजुळाने गालावरचं पाणी, बर्फाचं की कशाचं कोण जाणे, दंडाला पुसलं आणि कोयता उचलला, कारण गिऱ्हाईक खोळंबलं होतं.